उन्हाळ्याची शाळा आणि धर्मग्रामाच्या वह्या



महोत्सवाची स्मरणिका म्हटली म्हणजे तींत काय असावें हें आतां ठरूनच गेलें आहे. प्रारंभीं महागुरुस्वामींचा आशीर्वाद, मग आजवरच्या धर्मगुरूंची नामावळी, मंदिराची कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोणीं अर्पण केली, आणि शेवटीं देणगीदारांची यादी व छायाचित्रें. हें सर्व योग्यच आहे, व या पुस्तिकेंतहि तें वाचकांस मिळेल. परंतु गेलीं पन्नास वर्षें ज्या शेंकडों माणसांनीं रामदासपेठेंतील या वेदीसमोर गुडघे टेकले, आपलीं बाळें येथें बाप्तिस्म्यास आणलीं व आपलीं मढीं येथूनच उचलून नेलीं, त्यांचा इतिहास कोठें आहे? तीं माणसें कोठून आलीं, कशासाठीं आलीं, व येतांना बरोबर काय घेऊन आलीं? हा प्रश्न गेले कांहीं दिवस माझ्या मनास सोडीत नाहीं. त्याचें उत्तर शोधतांना आयर्लंड देशांतील खेड्यांत पाळल्या जाणाऱ्या एका रीतीची माहिती मला झाली. ती प्रथम सांगतों. मग आपल्या नागपुराकडे वळूं.

संपूर्ण आयर्लंड बेट आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईहून किंचित् मोठें. तेथील उन्हाळा म्हणजे सौम्य ऊन आणि रात्रीं उशिरापर्यंत रेंगाळणारा उजेड. अशा दिवसांत तेथील लहान लहान गांवीं ‘उन्हाळ्याची शाळा’ भरते. क्लेअर परगण्यांत अठराव्या शतकांतील कवि ब्रायन मेरिमन याच्या नांवानें १९६८ पासून, आणि डोनेगॉल परगण्यांत ग्लेन्टीज या चिमुकल्या गांवीं लेखक पॅट्रिक मॅकगिल याच्या नांवानें १९८१ पासून अशा शाळा भरूं लागल्या. त्यांशिवाय केवळ आपल्या गांवचा व आपल्या धर्मग्रामाचा इतिहास समजून घेण्यासाठीं चालणारे लहान वर्ग निराळेच. या शाळेला परीक्षा नाहीं, कीं पदवी नाहीं. सकाळीं एखाद्या विद्वानाचें व्याख्यान. दुपारीं सर्वांनीं मिळून पडक्या मठाकडे किंवा जुन्या दफनभूमीकडे पायीं जावयाचें. आणि रात्रीं गाणीं व गोष्टी. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, धर्मगुरु, अमेरिकेंत गेलेल्या कुटुंबांचीं नातवंडें हीं सर्व एकाच बाकावर बसतात. ज्यास गांवांतील एखाद्या विहिरीचें नांव ठाऊक आहे तो त्या घटकेपुरता गुरु, व बाकीचे सर्व शिष्य.

ही आवड त्या लोकांत अकस्मात् उत्पन्न झालेली नाहीं. १९३५ सालीं तेथें लोककथा व लोकरीती गोळा करण्यासाठीं एक सरकारी मंडळ नेमण्यांत आलें. त्या मंडळानें १९३७ ते १९३९ या काळांत एक विलक्षण काम केलें. सुमारें पांच हजार प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांस वह्या दिल्या, आणि घरीं जाऊन आजीआजोबांस व शेजाऱ्यांस विचारून गांवच्या गोष्टी लिहून आणावयास सांगितलें. सुमारें पन्नास हजार मुलांनीं हें काम केलें. दुष्काळांत काय खाल्लें, कोणत्या दुखण्यावर कोणता पाला लावीत, मिस्सा चोरून कोणत्या खडकापाशीं होत असे, हें सर्व त्या वह्यांत उतरलें. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठांत जपून ठेविल्या आहेत. ज्यांचीं नांवें कोणत्याहि राजाच्या बखरींत यावयाचीं नव्हतीं, त्यांचें बोलणें शाळकरी अक्षरांत अमर झालें.

तथापि या वेडामागें एक मोठें दुःख आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. १९२२ च्या जून महिन्याच्या अखेरीस, आपसांतील युद्धाच्या धुमश्चक्रींत, डब्लिन येथील सरकारी दप्तरखाना जळाला. सात शतकांचे कागद एका दिवसांत राख झाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्या जवळजवळ संपूर्णपणें नष्ट झाल्या. राजधानींत सुरक्षित राहतील म्हणून ज्या प्रॉटेस्टंट ख्रिस्तमंदिरांच्या वह्या तेथें नेऊन ठेविल्या होत्या, त्यांतील निम्म्याहून अधिक वह्याहि गेल्या. मात्र कॅथलिक धर्मग्रामांच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या वांचल्या. कारण त्या राजधानींत गेल्याच नव्हत्या! त्या आपापल्या गांवीं, धर्मगुरूच्या घरांतील कपाटांत, ओल व धूळ सोशीत पडून होत्या. पुढें तेथील राष्ट्रीय ग्रंथालयानें त्यांचीं सूक्ष्म छायाचित्रें घेतलीं, आणि २०१५ सालीं तीं सर्व जगास पाहावयास खुलीं केलीं. आज एखाद्या आयरिश मनुष्यास आपल्या पणजोबाचा ठाव लागतो तो पुष्कळदां त्या गरीब धर्मग्रामाच्या वहीमुळें लागतो.

आतां कोणी म्हणेल, ही पाश्चात्यांची हौस. आपल्याकडे असें कोठें आहे? तर तसें नाहीं. उन्हाळ्याच्या सुट्टींत ज्ञानसत्र भरविण्याची चाल महाराष्ट्रांत आयर्लंडच्या या शाळांहून पुष्कळच जुनी आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ सालीं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं तर इतिहासासाठीं पायपिटीचें व्रतच घेतलें. गांवोगांव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरचीं दप्तरें उतरवून, त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, व पुढें त्याचे बावीस खंड झाले. त्यांनीं व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनीं १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. आपल्या नागपुरांतहि गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत विदर्भाच्या इतिहासासाठीं संशोधन मंडळ उभें राहिलें, आणि महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं ताम्रपट व शिलालेख वाचून वाकाटकांचें राज्य पुन्हां उजेडांत आणलें. रामटेकजवळचें नगरधन म्हणजे त्या राजांचें नंदिवर्धन, हें आज आपण सहज बोलून जातों; पण तें समजण्यासाठीं कोणास तरी तांब्याच्या पत्र्यावरील एकेक अक्षर लावावें लागलें होतें.

आणि ज्यानें या प्रांतीं अशा अभ्यासाचा पाया घातला तो मनुष्य ख्रिस्ती मिशनरी होता, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? रामदासपेठेच्या कडेनें जाणारा वर्धा मार्ग धरून दक्षिणेस गेलें म्हणजे बुटीबोरीच्या बाजूस टाकळघाट हें गांव लागतें. तेथें मोठमोठ्या दगडांचीं वर्तुळें आहेत. तीं अडीच हजार वर्षांपूर्वींच्या लोकांचीं समाधिस्थानें होत. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन पाद्री १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं शाळा चालविल्या, या प्रांताचे खडक व त्यांतील जीवाश्म तपासले, आणि गोंडांच्या मुखांतून लिंगोची गाथा उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं दगडी वर्तुळें पाहून परततांना, पुरानें फुगलेला ओढा ओलांडीत असतां, त्यांस जलसमाधि मिळाली. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापविले. त्यांचें नांव धारण करणारें महाविद्यालय १८८३ पासून या शहरांत आहे. पुढें १९६८-६९ सालीं नागपूर विद्यापीठानें टाकळघाट व खापा येथें उत्खनन केलें. हिस्लॉप आपल्या पंथाचे नव्हते; परंतु ज्या भूमींत सुवार्ता सांगावयाची त्या भूमीचा इतिहास प्रथम नम्रपणें शिकावा, हा धडा त्यांनीं आपणां सर्वांस दिला आहे. तो कोणाकडून मिळाला म्हणून नाकारूं नये.

आतां आपल्या स्वतःच्या घराकडे वळूं. नागपूरचे कॅथलिक लोक आले कोठून? या प्रश्नाचें उत्तर सीताबर्डीच्या टेकडीवरून मिळतें. नोव्हेंबर १८१७ मध्यें आप्पासाहेब भोंसल्यांच्या फौजेशीं त्या टेकडीवर जी लढाई झाली, तींत कंपनीच्या बाजूनें मद्रासेच्या पलटणी होत्या. १८२१ सालीं कन्हान नदीकांठीं कामठीची छावणी वसली, व तेथेंहि मद्रासेचेंच सैन्य दीर्घकाळ राहिलें. पलटणींबरोबर तमिळ व तेलुगु बोलणारे शिपाई, आचारी, घोडेवाले, शिंपी व त्यांचीं कुटुंबें आलीं. त्यांतील कित्येक पिढ्यान्‌पिढ्यांचे कॅथलिक होते. कंपनीच्या गोऱ्या पलटणींतहि आयरिश कॅथलिकांचा भरणा मोठा असे. ज्या दुष्काळानें व दारिद्र्यानें आयर्लंडचीं गांवें ओस पाडलीं, त्याच दारिद्र्यानें तेथील तरुणांस लाल डगला चढवून हिंदुस्थानांत पाठविलें. आयर्लंडचें व आपलें नातें हें असें आहे, आणि तें तलवारीच्या मुठीवरचें नसून भाकरीच्या तुकड्यावरचें आहे.

या सर्वांच्या आत्म्यांची काळजी वाहावयास कोण आलें? १८३८ सालीं साव्हॉय प्रांतांतील अ‍ॅनसी येथें फादर पिएर मेर्मिए यांनीं संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवें मिशनरींचा एक संघ स्थापिला. त्या संघाकडे १८४५ सालीं विशाखापट्टणचें मिशन सोंपविण्यांत आलें, आणि कामठी व नागपूर हा भाग त्याच मिशनांत होता. नागपूर कोठें आणि विशाखापट्टणचा समुद्रकिनारा कोठें! परंतु जेथें मद्रासेची पलटण तेथें मद्रासेकडचा धर्मगुरु, असा तो हिशेब होता. नकाशावर जें विचित्र दिसतें तें छावणीच्या वाटेनें चालून पाहिलें म्हणजे सरळ होतें. आल्प्स पर्वताच्या कुशींत वाढलेले ते साव्होयार्ड धर्मगुरु वैशाखाच्या वणव्यांत बैलगाडींतून शेंकडों मैल प्रवास करीत; आणि एका ओसरीवर आयरिश शिपायाचें पापनिवेदन ऐकून दुसऱ्या ओसरीवर तमिळ आचाऱ्याच्या लेंकरास बाप्तिस्मा देत.

पुढें १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. १८७० सालीं संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवाची शाळा निघाली. १८७७ सालीं टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. १८८७ सालीं बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, व त्याच सालीं नागपूर हा विशाखापट्टणपासून निराळा धर्मप्रांत होऊन बिशप आलेक्सी रिकाझ हे त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले. १९५३ सालीं तो महाधर्मप्रांत झाला. या सनावळ्या कोरड्या वाटतात. पण प्रत्येक सनामागें माणसांचा एक लोंढा आहे. रेल्वेनें गोमंतकीय व अँग्लो-इंडियन कुटुंबें आणलीं, कचेऱ्यांनीं व रुग्णालयांनीं केरळांतील लोक आणले, आणि वऱ्हाड व छत्तीसगड येथील भाविक कामधंद्यासाठीं शहरांत आले. रामदासपेठेंतील आपली मंडळी रविवारीं सकाळीं एका बाकावर बसते, त्या बाकावर दोन शतकांचा प्रवास बसलेला असतो.

परंतु हा सारा ओघ लिहून कोणीं ठेविला? सरकारी दप्तरांत पलटणींची संख्या सांपडते, आचाऱ्याचें नांव सांपडत नाहीं. गिरणीच्या हिशेबांत मजुरी सांपडते, मजुराच्या आईचें नांव सांपडत नाहीं. तें नांव सांपडतें एकाच ठिकाणीं, आणि तें ठिकाण म्हणजे धर्मग्रामाची वही. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें प्रत्येक धर्मगुरूनें विवाहाची वही ठेवलीच पाहिजे असा नियम केला. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, धर्मग्रामांतील कुटुंबें आणि मृत्यु अशा पांच वह्या सांगितल्या. १९०८ पासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं करण्याचा नियम लागू झाला. त्यामुळें एका ओळींत मनुष्याचा पाळणा व बोहलें हीं दोन्हीं येऊं लागलीं. त्या वहींत राजा व रंक यांस सारखीच एक ओळ मिळते. नांव, जन्मदिवस, बाप, आई, धर्मपिता, धर्ममाता, धर्मगुरूची सही. एवढाच तो इतिहास. पण तो नसेल तर गरिबाचा इतिहासच नाहीं.

येथें मला स्वतःचा एक दोष लिहून ठेविला पाहिजे. मी तरुण धर्मगुरु असतांना विदर्भांतील एका खेड्यांतील धर्मग्राम माझ्या स्वाधीन होतें. जुन्या वह्या भिंतीला लागून असलेल्या एका लांकडी कपाटांत होत्या. शाळा, विहीर, आजारी माणसें, सायकलीवरच्या फेऱ्या, यांत दोन पावसाळे निघून गेले व तें कपाट मीं उघडलेंच नाहीं. एके दिवशीं दूरच्या शहरांतून एक बाई आल्या. त्यांचे वडील त्या गांवीं जन्मले होते व नुकतेच वारले होते. त्यांस जमिनीसाठीं कीं नोकरीसाठीं दाखला नको होता. “आमच्या आजीचें नांव काय होतें एवढेंच पाहावयाचें आहे, फादर. बाबा लहान असतांनाच ती गेली. घरांत कोणासच ठाऊक नाहीं,” असें त्या म्हणाल्या. मीं कपाट उघडलें. वहीच्या आकाराचा मातीचा एक लपका माझ्या हातीं आला. वाळवीनें पुठ्ठा तेवढा शिल्लक ठेविला होता. मीं त्या बाईंस सांगितलें, “वही जुनी होती, नष्ट झाली.” ती माझ्या निष्काळजीपणानें नष्ट झाली हें मीं सांगितलें नाहीं. त्या बाई मुकाट्यानें निघून गेल्या. एक स्त्री या पृथ्वीवर जगली, तिनें मूल वाढविलें, आणि तिच्या नांवाची अखेरची खूण माझ्या कपाटांत मातीस मिळाली. पंचवीसांहून अधिक वर्षें झालीं, तरी ती गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं. आयर्लंडमध्यें आगीनें केलें तें माझ्या हातून आळसानें झालें.

म्हणूनच गेल्या मे महिन्यांत आपल्या धर्मग्रामांत दहा दिवसांची उन्हाळ्याची शाळा भरविण्याचें धाडस मीं केलें. नागपूरचा मे म्हणजे आयर्लंडचा उन्हाळा नव्हे! पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, आणि दुपारीं रस्त्यावर कावळाहि दिसत नाहीं. परंतु आपल्या या उन्हाळ्याचाहि एक उपयोग आहे. शाळांना सुट्टी असते, परगांवचीं नातवंडें घरीं आलेलीं असतात, आणि म्हातारीं माणसें उन्हामुळें घरांत बसून असतात. सकाळच्या मिस्सानंतर नऊ वाजेपर्यंत मुलें एकत्र जमत. दुपारीं कूलरच्या वाऱ्यापुढें आजीआजोबांस प्रश्न विचारीत, आणि दुसऱ्या सकाळीं लिहिलेलें वाचून दाखवीत. एके दिवशीं पहांटेच निघून आम्हीं कामठीस जाऊन आलों, व तेथील थडग्यांवरील पुसट अक्षरें ओल्या फडक्यानें पुसून वाचलीं. ज्या मुलांस इतिहास म्हणजे सनावळ्या एवढेंच माहीत होतें, तीं एका थडग्यापाशीं बराच वेळ उभीं राहिलीं. तेथें एका शिपायाच्या तीन लेंकरांचीं नांवें होतीं. तिन्हीं एकाच वर्षांत गेलेलीं.

या शाळेंत घडलेली एक गोष्ट संबंधितांच्या संमतीनें, नांव न घेतां, सांगतों. आपल्यांतील एका वृद्ध गृहस्थांच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद दुसऱ्या एका धर्मग्रामांतून उतरवून आणिली होती. साल होतें १८९७. त्या सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ होता. दोनच वर्षांनीं, १८९९-१९०० मध्यें, तो पुन्हां पडला. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला सांपडलेलीं पोरकीं मुलें मिशनच्या अनाथालयांत आणीत. लॅटिन भाषेंतील त्या ओळीचा अर्थ असा होता: वय सुमारें चार वर्षें, मातापिता अज्ञात. त्या गृहस्थांचे चिरंजीव आदल्या दिवशीं मला भेटून म्हणाले, “फादर, हें मुलांसमोर वाचूं नये. लोक काय म्हणतील?” त्यांची भीति मला समजत होती. आपल्या समाजांत मनुष्यास प्रथम कूळ विचारतात. मग ज्यास कूळच नाहीं त्यानें काय सांगावें? मीं वाचावयाचें नाहीं असें ठरविलें. परंतु दुसऱ्या दिवशीं ते वृद्ध गृहस्थ स्वतःच काठी टेकीत आले, आणि मुलांपुढें बसून म्हणाले, “यांत लपवायचें तें काय? ज्याला कोणी नव्हतें त्याला कोणीतरी उचललें, म्हणून आज आम्ही तीस माणसें जेवतों. ज्यानें उचललें त्याचें नांव तरी वाचा.”

मग आम्हीं तें वाचलें. धर्मपित्याचें नांव तमिळ होतें. तें ऐकतांच म्हातारे क्षणभर गप्प झाले. त्यांच्या घरांत आजोबांस पिढ्यान्‌पिढ्या ‘ताता’ म्हणत आले आहेत. बाकी सारें बोलणें मराठी, आणि हा एकच शब्द निराळा, तो कोठून आला हें कोणासच ठाऊक नव्हतें. तमिळ भाषेंत आजोबांस ताता म्हणतात. छावणीबरोबर आलेल्या एखाद्या कुटुंबानें त्या पोरास आपलें मानलें असेल काय? हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे, हें मीं मुलांस तेथेंच बजावलें. कारण इतिहासांत या दोहोंतील भेद विसरणें म्हणजे खोट्याचा आरंभ होय. तरीहि त्या घरास आपल्या एका शब्दाची किंमत त्या दिवशीं कळली, एवढें खास.

कित्येकांस वाटतें, चर्चच्या इतिहासांतील अवघड गोष्टी झांकून ठेवाव्या, नाहीं तर श्रद्धा ढळेल. तेरावे लिओ या परमगुरुस्वामींनीं याच्या उलट मार्ग घेतला. त्यांनीं १८८१ सालीं व्हॅटिकनचा दप्तरखाना विद्वानांस खुला केला, आणि १८८३ सालच्या पत्रांत इतिहासकारानें खोटें बोलण्याचें धाडस करूं नये व खरें बोलण्यास भिऊं नये या जुन्या दंडकाची आठवण दिली. आपल्या धर्मग्रामासहि हाच दंडक लागू आहे. आपल्या वह्यांत दुष्काळ आहे, पोरकेपण आहे. बाप्तिस्मा एक झाला तरी पंगती निराळ्या राहिल्या, अशाहि आठवणी म्हाताऱ्यांनीं मुलांस सांगितल्या. त्या मीं खोडूं दिल्या नाहींत. प्रभु येशूच्या वंशावळींतहि मत्तयानें तामार, राहाब व उरियाची बायको यांस गाळलें नाहीं. मग आपण कोणास गाळावें?

मात्र मर्यादाहि सांगितली पाहिजे. धर्मग्रामाची वही म्हणजे चव्हाट्यावरचें वर्तमानपत्र नव्हे. हयात माणसांच्या नोंदी दुसऱ्यांस दाखवावयाच्या नाहींत. जुन्या नोंदीहि त्या कुटुंबाच्या संमतीवांचून मोठ्यानें वाचावयाच्या नाहींत. सत्य सांगणें आणि कोणाची लाज काढणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. पापनिवेदनाच्या कोठडींत बसणाऱ्यास हें निराळें सांगावें लागत नाहीं. परंतु इतिहासाच्या उत्साहांत तें विसरण्याचा संभव असतो.

महोत्सवाच्या या वर्षीं माझी आपणांस विनंति थोडक्यांत अशी. प्रत्येक उन्हाळ्यांत दहा दिवस ही शाळा भरावी. प्रत्येक घरानें आपलें जुनें बाड उघडावें. विवाहाचें पत्र, रेल्वेचा दाखला, प्रार्थनेचें जीर्ण पुस्तक, पाठीमागें नांवें लिहिलेलें छायाचित्र, असें जें सांपडेल तें आणून दाखवावें. आम्ही त्याचें चित्र घेऊन मूळ वस्तु परत देऊं. छायाचित्रांतील माणसांचीं नांवें आजच, आजी जिवंत आहे तोंवरच, लिहून घ्यावीं. उद्यां तें केवळ अनोळखी चेहऱ्यांचें चित्र होईल. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. तिचा डिंक पुढें कागदच खातो. आणि आपल्या धर्मग्रामाच्या वह्यांविषयीं म्हणाल, तर त्या आतां भिंतीपासून दूर, पोलादी कपाटांत आहेत. त्यांच्या प्रत्येक पानाचें चित्र घेऊन एक प्रत निराळ्या जागीं ठेविली आहे, व दर पावसाळ्यांत त्या मी स्वतः उघडून पाहतों. पुढें येणाऱ्या धर्मगुरूनेंहि तें करावें, म्हणून हें येथें छापून ठेवीत आहें.

पन्नास वर्षांनीं याच मंदिराचा शतसांवत्सरिक महोत्सव होईल, तेव्हां आपल्यापैकीं बहुतेक जण प्रभूच्या घरीं गेलेले असतील. त्या दिवशीं कोणी मुलगी दूरच्या शहरांतून येऊन या दारांत उभी राहील, आणि म्हणेल, “आमच्या आजीचें नांव काय होतें, एवढेंच पाहावयाचें आहे.” तिला तें नांव मिळावें. त्यासाठींच ही शाळा, त्यासाठींच ह्या वह्या. ज्या मेंढपाळास आपल्या प्रत्येक मेंढराचें नांव ठाऊक आहे, तो आपणां सर्वांस सांभाळो.

आपला प्रभूमधील सेवक,
धर्मग्रामाचे धर्मगुरु